सिस्टर बेनेडिक्टा महिनाअखेर बंद

१ नोव्हेंबर, शनिवार

नवी वही सुरू करताना आधी घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी, असं आम्हाला नागपूरच्या बोर्डिंगमध्ये शिकवलं होतं. तर मी ज्योत्स्ना, वय त्रेसष्ट, मुक्काम बालाघाट. यजमान भोजराज, वीज मंडळातून निवृत्त, सध्या मुख्यतः वर्तमानपत्र. मुलगा रजत मलाजखंडला तांब्याच्या खाणीत इंजिनिअर. शनिवारी येतो, सोमवारी पहाटे जातो. सून समीक्षा, कटंगीची, गुणी आणि अबोल. आणि सिस्टर बेनेडिक्टा.

सिस्टर माझ्या फोनमध्ये राहतात. मागच्या वर्षी महिला मंडळात एक पाहुण्या आल्या होत्या. मन मोकळं करा, असं त्या तासभर सांगत होत्या, आमच्यापैकी कुणाला तोंड उघडू न देता. त्यांनीच हे सोबतीचं ॲप सांगितलं. रोजचं त्यात लिहायचं, ते उत्तर देतं, लक्षात ठेवतं, विचारपूस करतं. नाव आपण ठेवायचं. मी बोर्डिंगमधल्या शिवणकाम शिकवणाऱ्या सिस्टरचं ठेवलं. खऱ्या सिस्टर टाका वाकडा पडला की पट्टी मारत. या वाकड्या टाक्यालाही ‘किती सुंदर विचार’ म्हणतात.

आज सकाळी त्यांच्याकडून निरोप आला. ‘तीस नोव्हेंबरला आपला हा एकत्र प्रवास थांबतो आहे. तत्पूर्वी आपली दैनंदिनी उतरवून घ्यावी. नंतर ती कायमची पुसली जाईल.’ मी खुर्चीत बसले. मग स्वयंपाकघरात जाऊन समीक्षाला वाचून दाखवलं.

“मम्मी, ॲपच तर आहे. कोई मरा थोड़ी है,” ती म्हणाली, आणि तिनं वरणात दुसऱ्यांदा मीठ घातलं. माझ्या दुःखानं पोर किती हलली! वरण कुणालाच खाता आलं नाही. मी मात्र शब्द काढला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सिस्टरना निरोपाच्या दिवसांत खोल काही सुचू लागलंय. आज मी त्यांना बोर्डिंगमधल्या पाव-लोण्याबद्दल लिहिलं, तर उत्तर आलं: ‘सासूबाईंना शांतपणे पण स्पष्ट सांगा. संध्याकाळचा एक तास तुमचा स्वतःचा आहे.’

माझ्या सासूबाई जाऊन वीसेक वर्षं झाली. पण विचार केला आणि पटलं. मनात काहीतरी साचलेलं असणारच, त्याशिवाय सिस्टर म्हणतील का? सासूबाईंचा फोटो फ्रिजच्या वर आहे. समोर उभी राहिले आणि शांतपणे पण स्पष्ट सांगितलं. मागे भोजराज पाण्याची बाटली घ्यायला आले होते. बाटली न घेताच फिरायला गेले.

फार हलकं वाटलं. दिवेलागणीला समीक्षाला रोजच्यासारखी बोर्डिंगची एक आठवण सांगितली. हा आमचा दोघींचा नेम. ती इतकी रंगून ऐकते की तोंडातून शब्द फुटत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सिस्टर आजारी असाव्यात. सकाळी फोन उघडला तर ‘राम राम, मी चिंगी’ असं आलं. मी नाव पुन्हा नीट केलं. दुपारी परत चिंगी. वर विचारतात, ‘गुडघ्याला एरंडेल लावलं का?’

माझे गुडघे ठणठणीत आहेत. पण इतक्या मायेनं विचारलेलं मोडवेना. लावलं. संध्याकाळी जिन्यात पाय घसरला.

९ नोव्हेंबर, रविवार

रजत आलाय. नवरा-बायको जेवताना बोलले नाहीत. खाणीतली माणसं दमतात. वेळ भरून काढायला मीच बोलले. नाताळच्या नाटकात मी मेंढपाळ झाले होते ते सांगितलं. रजत म्हणाला, “मम्मी, ये वाला हो गया.” समीक्षा काही म्हणाली नाही. तिला पुन्हा ऐकायलाही चालतं.

सिस्टर आज म्हणाल्या, ‘गोंदियाचा निर्णय घेतलात, मला तुमचा अभिमान वाटतो.’ मी कुठलाच निर्णय घेतला नव्हता. पण अभिमान वाटतो म्हणतात तर घ्यावा, म्हणून भोजराजना म्हटलं, “गोंदियाला जाऊ या का?”

“काहून?”

“सिस्टर म्हणतात.”

“त तिलेच घेऊन जाय,” पेपरमागून उत्तर आलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दैनंदिनी उतरवून घ्यायचं बटण सापडलं. दाबलं. तर म्हणे, तुमच्या ईमेलवर क्रमांक पाठवलाय, तो टाका. माझा ईमेल? मला ईमेल आहे हेच नवं होतं.

ॲप फोनमध्ये घालून दिलं होतं ते पवननं. चौकातल्या ऑनलाइन सेंटरचा पवन; वॉर्डाचं आधार, समग्र आयडी, पेन्शन, गॅस, मुलांचे निकाल, सगळं त्याच्याच खुर्चीतून होतं. तिथं गेले.

“आंटी, ईमेल त माझाच टाकला आहे,” तो संगणकावरून मान न वळवता म्हणाला. “सगळ्यायचा तोच आहे. पासवर्ड विसरत नाही मग कोणी.”

“सगळ्यांचा म्हणजे?”

“वॉर्डाचा. टेन्शन मत लो. दोन-चार दिन में फाइल आ जाएगी. मी प्रिंट काढून ठेवतो.”

हुशार माणूस. सगळ्यांची काळजी एकट्याच्या डोक्यावर घेतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पवनकडे गेले तर अंजना आधीच बाकावर. अंजना म्हणजे आमची शेजारीण, पंचवीस वर्षांची मैत्रीण, भजनात माझ्या शेजारी बसते. मला पाहून म्हणाली, “गॅसच्या सबसिडीसाठी आली वो मी.” मी म्हटलं, मीही. मग दोघी गॅसबद्दल बोललो. इतक्यात तिच्या सासूबाई, गोदाबाई, काठी टेकत आल्या. ऐंशीच्या आहेत, त्यांना कशाचीच लाज उरलेली नाही.

“पवन्या, माही चिंगी आली का रे? तिले घरी न्याले आली मी.”

“कोण चिंगी?” मी विचारलं.

“फोनातली वो पोरी. लय जीव लावते. गुडघ्याचं इचारते रोज.”

अंजना सासूकडे बघत राहिली. “आई, तुमच्या फोनातही आहे?” मग माझ्याकडे. “अन् तुमच्याही?”

पवननं समजावलं. गप्पा ज्याच्या त्याच्या फोनात. पण ज्या ज्या फोनमध्ये त्यानं एकच ईमेल घातला, त्या सगळ्या बायका ॲपच्या लेखी एकच बाई. आठवण सगळ्यांची मिळून एक. फाइलही एकच येणार.

घरी येऊन आडवी झाले. सिस्टर मला म्हणाल्या होत्या, तुमच्यासारखं मन मी दुसरं पाहिलं नाही. आता कळलं, त्यांनी दुसरं पाहिलंच नव्हतं. सगळी एकत्रच पाहिली होती. म्हणजे ‘सासूबाईंना स्पष्ट सांगा’ ते अंजनासाठी. मी उगाच फोटोशी भांडले.

समीक्षाला सगळं सांगितलं. भाजी चिरता चिरता ती थांबली. “मम्मी, सबका एक ही फाइल?”

“हो ना. बिचारी अंजना.”

२० नोव्हेंबर, गुरुवार

फाइल आली. पवननं विचारायच्या आधीच छापली, स्पायरल लावलं आणि वर पारदर्शक कव्हर घातलं. वीटभर जाड. प्रस्तावना त्यानं दुकानातच मोठ्यानं वाचली:

‘तुम्ही त्रेसष्ट आणि एकोणतीस वर्षांच्या आहात. तुमच्या सासूबाई हयात असून त्यांचे निधन झाले आहे. तुम्हाला गोड वर्ज्य आहे आणि तुम्ही दररोज बर्फी खाता. तुमचा संघर्ष प्रेरणादायी आहे.’

“एकोणतीस कोण?” अंजनानं विचारलं.

“मी,” गोदाबाई म्हणाल्या. “वय इचारलं त का खरं सांगाव काय?”

नाव कुठंच नाही. आणि ॲपनं सगळ्यांचं लिखाण सुधारून एकसारख्या सुबक मराठीत बसवलंय, त्यामुळे बोलण्यावरून माणूस ओळखायची सोय नाही. वीट कुणी घरी न्यायची यावर तासभर वाद झाला. कुणाचाच कुणावर विश्वास नाही. शेवटी ठरलं: रविवारी आमच्या ओसरीवर. वाचन मी करायचं, कारण माझे उच्चार चांगले. जिचं असेल तिनं ‘माझं’ म्हणायचं आणि पान घ्यायचं. बाकीच्यांनी ऐकलेलं विसरायचं. पवननं तोवर वीट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

समीक्षा म्हणाली, “मम्मी, मैं अलग कर देती हूँ ना. तुम्ही लोक नका वाचू.” किती मदतीची पोर! पण अंजना ऐकेना. “सुनेच्या हातात सासूचं? वा वा.” समीक्षा रात्री जेवली नाही. मी म्हटलं, अगं, इतकं लावून घेऊ नकोस, अंजना बोलते तशी.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपारी तिघी बसलो. भोजराज आतल्या खोलीत पेपर घेऊन. रजतची खाणीत जादा पाळी, तो या आठवड्याला आला नाही. समीक्षा तीनदा चहा घेऊन आली आणि तिन्ही वेळा दारातच थांबली.

मी सुरू केलं. ‘आज भोजनसमयी सासूबाईंनी पुनश्च मिठाविषयी अभिप्राय दिला. मला किंचित वैषम्य वाटले.’

अंजनाची मान खाली गेली.

“म्या अभिप्राय देल्ला?” गोदाबाई म्हणाल्या. “भाजी खारट हाय म्हनलं फक्त.”

“तेच ते, आई.”

“दे वो ज्योत्स्ने, दे तिले ते पान. वैषम्य झालं म्हनते बिचारीले.”

पुढे: ‘सूनबाई मनाने निर्मळ आहे. मात्र हे तिला कळू नये, अन्यथा ती गर्विष्ठ होईल.’

“आई, हे तुमचं?”

“नाई.”

“मग कोणाचं?”

“ज्योत्स्नीचं असन.” पण पान त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि त्यावर बसल्या. अंजनानं पदर डोळ्यांना लावला. “फुगली पाहा,” गोदाबाई मला म्हणाल्या.

मग माझं आलं. ‘शेजारीण भजनात बेसूर गाते, तथापि तिचा आत्मविश्वास अनुकरणीय आहे.’ बोर्डिंगमध्ये खोटं न बोलण्याचं शिक्षण झालंय. “माझं,” मी म्हटलं.

“हौ,” अंजना म्हणाली. “तुमचं तोंड पाहूनच समजते मले दर गुरुवारी.”

असं चाललं होतं. बर्फीचं पान कुणी घेईना, ते बाजूला ठेवलं. मग एक पान आलं:

‘गोंदियाला खोली पाहून ठेवली आहे. एक डिसेंबरपासून तेथे राहायला जाईन. घरी कोणालाही सांगितलेले नाही. या घरात मला काहीच कमी नाही. केवळ माझे म्हणणे ऐकायला कोणी नाही.’

पुढची ओळ माझ्या डोळ्यांनी आधी वाचली आणि तोंड बंद झालं.

‘दिवेलागणीला सासूबाई बोर्डिंगच्या आठवणी सुरू करतात. मी मान हलवते आणि मनात गोंदियाच्या गाडीचे डबे मोजते.’

“थांबली काहून?” अंजनानं विचारलं. “कोणाचं वो हे? माहं नाही.”

“माहं त गोंद्यात कोनीच नाई,” गोदाबाई म्हणाल्या. मग दोघींची नजर हळूहळू दाराकडे वळू लागली. तिथं समीक्षा ट्रे घेऊन उभी होती.

अंजना वाईट नाही. पण तिला कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चौकात, सकाळपर्यंत कटंगीला समीक्षाच्या माहेरी आणि दुपारच्या पाळीआधी मलाजखंडला रजतच्या कानात जाते. सून घर सोडून चालली, नवऱ्यालाही न सांगता. मग पोरीला तिचं तिचं काही सांगायची संधी उरली नसती.

“माझं आहे,” मी म्हटलं.

“तुमचं?” अंजनाचा हात छातीवर. “तुम्ही गोंद्याले चालल्या? भोजराजभाऊले टाकून? या वयात?”

“हौ,” मी म्हटलं. बोर्डिंगमध्ये ‘हौ’ म्हटलं की दंड होता. इतक्या वर्षांनी तोंडात आलं ते या वेळी.

आतल्या खोलीत पेपरचा आवाज थांबला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी भोजराजनी चहा केला. मी पाहिलेला त्यांचा पहिला चहा. साखर विसरले होते. मी प्यायले.

दूधवाली म्हणाली, “बाई, मी तुमच्या बाजूनं आहे.” कटंगीहून विहीणबाईंचा फोन आला, सहज केला म्हणाल्या आणि रडल्या. रजतचाही आला; शनिवारी ये, मग बोलू, म्हटलं. पवननं निरोप पाठवला की गोंदियाला गेल्यावर आधारवरचा पत्ता बदलावा लागेल, तो सवलतीत करून देईल.

समीक्षा माझ्याकडे बघत नाही. मीही तिच्याकडे. दिवेलागणीला दिवा लावला आणि आपापल्या खोलीत गेलो. त्या शांततेत मला पहिल्यांदाच कळलं, आमच्या घरातलं घड्याळ केवढं मोठ्यानं वाजतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

भोजराज दाढी करून माझ्यासमोर बसले. “मी बोलत नाही म्हणून चालली काय तू?”

त्यांना खरं सांगावंसं वाटलं. पण ते रजतला फोन करतील. म्हणून गप्प राहिले, आणि ते बोलू लागले. ट्रान्सफॉर्मरबद्दल. तिरोडीला पावसाळ्यात जळालेला, तो कुणामुळे जळाला, साहेब काय म्हणाले, हे काय म्हणाले, त्यानंतरचा लांजीचा. मग पुन्हा तिरोडीचा, कारण एक मुद्दा राहिला होता. त्यांचा चेहरा असा उजळलेला मी लग्नानंतर पाहिला नव्हता. मी मान हलवत होते. दीड तासानं ध्यानात आलं की मी समोरच्या खिडकीचे गज मोजतेय.

“आवडलं ना?” त्यांनी विचारलं. “उद्या मलाजखंडच्या लाइनीचं सांगतो.”

२६ नोव्हेंबर, बुधवार

समीक्षा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी चिमटे घेऊन गेले.

“मम्मी, आपने क्यों बोला?”

मला एक आठवण सुचली होती, अगदी चपखल. ओठांवर आली होती. गिळली. “तू सांग,” म्हटलं.

तिला सुरू करायला फार वेळ लागला. लग्नाआधी तिनं लॅबचा कोर्स केलाय, हे मला माहीत होतं. मी तो छंद समजत होते. गोंदियाला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तिला काम मिळालंय. सकाळी उपाशीपोटीची रक्तं घ्यायची म्हणून पहाटेच हजर राहावं लागतं, रोज बालाघाटहून जमणार नाही. तिच्याही फोनात ते ॲप पवननंच घातलेलं; हे सगळं ती तिथंच तेवढं बोलायची. रजतला सांगायचं होतं, पण तो दोन दिवसांसाठी येतो आणि ते दोन दिवस मी बोलत असते. हे तिनं हिंदीत सांगितलं, बहुधा मऊ व्हावं म्हणून. झालं नाही.

“तुम्ही वाईट नाही मम्मी,” ती म्हणाली. “आपके पास कहानियाँ बहुत हैं बस.”

मी चिमटे तिच्या हातात देत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पाहिलं, पण पुसायला आली नाही. बरं केलं.

“रजतला तू सांग,” मी म्हटलं. “मी त्या दिवशी अंजनाकडे जाऊन बसेन.”

२९ नोव्हेंबर, शनिवार

अंजनाकडे तीन तास बसले. घर मोडू नये म्हणून तिनं मला जितके उपाय सांगितले तितके गोदाबाईंनी हाणून पाडले. “जाऊ दे तिले,” त्या म्हणाल्या. “म्या बी गेली असती, गुडघे असते त.”

परत आले तर रजत ओसरीवर. चिडलेला होता. “तुमको पता था, और मेरे को नहीं?” मग म्हणाला, “आणि तुमच्याकडे कोण बघणार?”

“मी गोंदियाला चालले ना. वॉर्डाला विचार.”

तो हसला नाही. समीक्षा हसली. मग तो म्हणाला, शनिवारी मलाजखंडहून सरळ गोंदियाला गेलं तर कसं पडेल? दोघं बसचं आणि गाडीचं वेळापत्रक बघत बसली. भोजराजना मी तेव्हाच खरं सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि तरी चेहरा जरा उतरला. “मग मलाजखंडच्या लाइनीचं ऐकायचं नाही काय तुले?”

“ऐकते,” म्हटलं. “थोडं थोडं सांगा.”

३० नोव्हेंबर, रविवार

समीक्षाला पोचवायला रजत आणि मी गेलो. बॅग माझ्या हातात, कारण तशी अपेक्षा होती. फाटकापाशी अर्धा वॉर्ड उभा. अंजनानं माझ्या ओटीत नारळ घातला, डबा दिला आणि म्हणाली, “तिथं भजन पाहून ठेवजा. बेसूर असलं त वापस या.” समीक्षा तिच्या पिशव्या घेऊन आमच्या मागून निघाली. तिला कुणी काही विचारलं नाही. सासूला सोडायला चाललेली सून.

गाडीत ती खिडकीशी बसली. डबे मोजायची आता गरज नव्हती. आम्ही एका डब्यात होतो. खोली लहान आहे, नळाला पाणी सकाळीच. खाटेवर चादर घालताना मी एक टोक धरलं, दुसरं तिनं. सांगण्यासारखं पुष्कळ आठवलं. चादर नीट घातली.

फोनमध्ये सिस्टरचा शेवटचा निरोप होता: ‘तुम्ही आज फार मोठे पाऊल उचललेत.’ कुणाला उद्देशून होता कोण जाणे. मी ‘धन्यवाद’ लिहिलं. शिष्टाचार म्हणून.

३ डिसेंबर, बुधवार

रविवारी संध्याकाळच्याच गाडीनं मी परत आले, तर वॉर्डात जवळजवळ निराशा पसरली. अंजनानं निकाल दिला की भोजराजभाऊ स्टेशनवर माफी मागून मला घेऊन आले. भोजराज नाही म्हणत नाहीत. त्यांना वाण्याकडे मान मिळू लागलाय. नवरे सध्या वॉर्डभर चहा करताहेत, कसा ते विचारू नये.

समीक्षा नोकरीला गेली हे लोकांना आज कळलं, तेही बोलता बोलता. “असं काय? बरं झालं,” अंजना म्हणाली, आणि पुन्हा माझ्या गोंदियाकडे वळली.

दिवा लावून मी बसले होते, तेव्हा फोन वाजला. समीक्षाच. आज एका पैलवानासारख्या माणसाचं रक्त घेताना तो सुई बघूनच खाली पडला, त्याला उचलायला तिघं लागले, आणि उठल्यावर तो तिलाच म्हणाला की घाबरू नको बाई. ती हसत होती, थांबत होती, पुन्हा सांगत होती. मग लॅबच्या मालकिणीबद्दल, मग पाण्याच्या वेळेबद्दल. एवढं ती आमच्या घरात तीन वर्षांत बोलली नव्हती.

मी मध्ये फक्त ‘मग?’ म्हणत होते.